बसू न देणारे पाय

कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करायची तर दोन गोष्टी अंगात असाव्या लागतात. रक्त पाहून डोळ्यांपुढे अंधारी येता कामा नये, आणि समोरचा माणूस खरंच कण्हतोय की नुसता कण्हून दाखवतोय हे कळायला हवं. पहिली गोष्ट मी पुण्याच्या इस्पितळात शिकले. दुसरी माहेरूनच घेऊन आले होते. आमच्या घरात दूधवाल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला भोळसट म्हणत.

पिंपरीच्या बाजूला एका नव्या काचेच्या कारखान्यात नर्स हवी आहे असं कळलं तेव्हा मी अर्ज केला. मुलाखतीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "कामगार खोटं बोलले तर काय कराल?"

मी म्हटलं, "ऐकून घेईन. मानणार नाही."

नोकरी लागली.

तो दारूबंदीचा काळ. पिंपरी म्हणजे तेव्हा एका अंगाला निर्वासितांच्या बराकी, दुसऱ्या अंगाला दोन-चार नवी धुराडी आणि मधे उरेल त्या जागेत ज्वारी. मी चिंचवडच्या गावठाणात एका खोलीत राहायची आणि सकाळच्या गाडीनं कामावर यायची. आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या औषधासाठी लागणाऱ्या छोट्या बाटल्या तयार होत. कामगार बहुतेक चाकणच्या बाजूच्या खेड्यांतले. घरी शेती होतीच, वर महिन्याचा पगार मिळतोय म्हणून आलेले. रविवारी गावी जायचे आणि सोमवारी सकाळी धापा टाकत फाटकात शिरायचे.

फाटकाला लागून आमचा दवाखाना. डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस राज्य माझं. बाहेरच्यांना वाटतं, नर्स म्हणजे मलमपट्टी. भाजलेल्या-कापलेल्यांची मलमपट्टी होतीच, काचेचा कारखाना तो. पण निम्मं काम चौकीदाराचं. ताप आला म्हणून येणारा आधी चहा पिऊन आलाय का ते बघायचं, कारण थर्मामीटर तोंडात आणि तोंडात गरम चहा, म्हणजे ताप पक्का. कांदा काखेत ठेवला की ताप चढतो अशी चाकणच्या पोरांची ठाम समजूत. एकानं तर तो काढायचं विसरून शर्टाची बटणं माझ्यासमोर सोडली. कांदा टेबलाखाली गडगडला. मी म्हटलं, "ताप उतरला बघ." बिचारा स्वतःच हसत कामावर गेला.

गोळ्यांचंही तसंच. लाल रंगाचं औषध मिळालं तर सगळे खूश, कारण त्यात 'ताकद' असते. गोळी दिली की संशय. निम्म्या गोळ्या गटारात जात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी नियम केला की गोळी माझ्यासमोर गिळायची, पाणी प्यायचं, तोंड उघडायचं आणि जीभ वर करून दाखवायची. डॉक्टर हसायचे. "सिस्टर, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं," म्हणायचे. मला ते कौतुकच वाटायचं.

तर अशा माझ्या दवाखान्यात एके दिवशी गेनू आला.

गेनू काळ्या खोलीत कामाला होता. तयार झालेली प्रत्येक बाटली शेवटी या खोलीतून जायची. खिडक्यांना काळं कापड लावलेलं, आत अंधार. समोर दुधी काच आणि तिच्यामागे दिवा. एका ओळीत स्टुलावर माणसं बसलेली. बाटली दिव्यापुढे धरायची, फिरवायची, तडा किंवा बुडबुडा दिसला तर बाजूला टाकायची. केसाएवढा तडा सुटला तरी औषध भरताना बाटली फुटायची, आणि मग ज्यांनी माल घेतला त्यांचा ओरडा. गेनूची नजर अशी की दुसऱ्यांनी पास केलेल्या ढिगातून तो तडे काढून दाखवायचा. पण तो अजून टेम्परवारी होता. कायम करायचं की नाही ते सुपरवायझर कर्णिकसाहेबांच्या हातात, आणि कर्णिकसाहेब माझ्याहून संशयी. बायकोनं वाढलेल्या भाजीचासुद्धा आधी वास घेत असतील.

त्यांनीच गेनूला दवाखान्यात पाठवलं होतं. तक्रार अशी की हा माणूस बसत नाही. थोडा वेळ बसला की उठतो, खोलीत येरझाऱ्या घालतो, बाहेर जाऊन येतो. बिडीला जातो म्हणावं तर बिडी ओढत नाही. कर्णिकांना वाटत होतं की हा बाटल्या खिशात घालून कुंपणापलीकडे कुणाला तरी देतोय. दोनदा झडती झाली, काही मिळालं नाही. काही मिळालं नाही म्हणून त्यांचा संशय अजूनच बळावला.

मी विचारलं, "काय होतंय?"

"पाय बसू देत न्हाईत, बाई."

"दुखतात?"

"न्हाई."

"मुंग्या येतात?"

"तसं बी न्हाई." तो स्वतःच्या पोटरीकडे दुसऱ्याची वस्तू असल्यासारखा बघत म्हणाला, "आत, हाडापाशी, कायतरी वळवळतं. पाय हालवला की गप. ठिवला की पुन्ना चालू. दिस कलला की जास्त. रातच्याला तर निजूच देत न्हाई. भायेर फेऱ्या मारतो, तवा कुटं बरं वाटतं."

आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखीनं काय समजावं? दुखत नाही, सूज नाही, ताप नाही. बसलं की होतो, उठून फिरलं की जातो. बसून करायचं काम नको असलेल्या माणसानं स्वतःच्या मापानं शिवून घ्यावा असा हा आजार. मी त्याला वर-खाली नीट न्याहाळलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या. कातडी स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. डॉक्टरांच्या कानावर घालताना मी माझं मतही घातलं.

डॉक्टरांनी मात्र मत बाजूला ठेवून गेनूला बराच वेळ प्रश्न विचारले. मग मला म्हणाले, "सिस्टर, असे पाय असतात. मी वाचलंय. हा खोटं बोलत नाही."

"खोटं नाही म्हणजे खरंच असं नाही," मी म्हटलं. डॉक्टर नुसते हसले.

आधी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. रंग लाल नसल्यानं गेनूचं तोंड पडलं, पण घेतलं. दुसऱ्या दिवशी तो काळ्या खोलीत डुलक्या घेऊ लागला आणि त्याच्या हातून तडा गेलेल्या बाटल्या सुटल्या. मग झोपेच्या गोळ्या झाल्या. त्यांनी झोप लागायची, पण सकाळभर डोकं जड, आणि पाय होते तसेच. तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं, तिथं पांढरट. त्यांनी दंडातून रक्त काढलं, आमच्याच कारखान्यातल्या एका छोट्या बाटलीत भरलं आणि पुण्याला तपासायला पाठवलं.

उत्तर आलं की रक्त फारच कमी आहे. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं लोह आटलं की काही माणसांचे पाय असे बेचैन होतात. लोह भरून निघालं तर पाय शांत होण्याची आशा आहे. अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या पोटात जंत असणार, म्हणून आधी जंताचं औषध दिलं. मग लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जेवणानंतर, वर चहा प्यायचा नाही, जमलं तर लिंबू पिळलेलं पाणी. शिवाय रक्त वाढायला लिव्हरच्या अर्काची इंजेक्शनं. मी त्याला बजावून सांगितलं, "या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. भ्यायचं नाही." त्यानं मान डोलावली. रोज माझ्यासमोर गोळी गिळायचा, तोंड उघडायचा, जीभ वर करायचा. त्याच्याकडून एकही गोळी सुटली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि तरीही त्याला गुण येईना. म्हणजे यायचा आणि जायचा. शुक्रवार-शनिवारपर्यंत चेहऱ्यावर जरा तुकतुकी दिसायची. सोमवारी आला की पुन्हा पांढरा फटक, आणि पाय पहिल्यापेक्षा वाईट.

सोमवार म्हटलं की माझे कान टवकारतात. रविवारी गावी जाऊन हा काय करतो? माझ्या मनात एकच उत्तर आलं. हातभट्टी. बंदी होती, पण चाकणकडच्या ओढ्यांत काय चाले ते सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी मी औषध देण्याच्या निमित्तानं त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लागले. वास येत नव्हता. वास येत नाही म्हणजे ओवा खाऊन येतोय, असं मी ठरवलं. संशयाला एकदा गादी मिळाली की तो हवं तसं लोळतो.

डॉक्टरांना सांगितलं तर ते गंभीर झाले. "हे तोंडातून बाहेर काढू नका. कर्णिकांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईलच, वर पोलीस." आणि कर्णिकांनी तर मुदतच दिली होती. पुढच्या महिन्यात कायम करायची यादी जाणार. त्याआधी डॉक्टरांनी लिहून द्यावं की गेनू स्टुलावर पूर्ण शिफ्ट बसू शकतो. नाहीतर त्याला काळ्या खोलीतून काढायचं, आणि टेम्परवारी माणसाला एका खात्यातून काढलं की दुसऱ्यात घ्यायला कुणी बसलेलं नसतं. गेनूला बातमी कळली तेव्हा तो म्हणाला, "बाई, बाकी कायबी करा, पर मला हितंच ऱ्हाऊ द्या. घरात पगार आननारा मी येकलाच हाय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं. पण दारुड्यांच्याही डोळ्यांत पाणी येतंच, हेही मनात आलं.

शेवटी मी ठरवलं की स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. एका रविवारी चाकणला बहीण राहते अशी थाप घरमालकिणीला मारून मी एस.टी.त बसले. फाट्यावर उतरून बांधाबांधानं त्याच्या गावी गेले. पिशवीत लोहाच्या गोळ्यांची पुडी होती, कुणी विचारलंच तर औषध द्यायला आले म्हणून सांगायला. गेनूचं घर कुठं म्हणून विचारलं, तर एका बाईनं बोट दाखवलं आणि तीही माझ्यामागून आली. कारखान्याची नर्स गावात आली म्हणजे नक्की काहीतरी आहे, असा तिचा चेहरा.

अंगणात पाऊल टाकलं आणि मी थबकले.

गेनू घोंगडीवर पालथा पडला होता. सदरा वर सारलेला, धोतर खाली सरकवलेलं, आणि करदोट्याच्या वर, बरोबर कमरेवर, तीन शिंगं उभी. शेजारी वैदूंपैकी एक बाई उकिडवी बसली होती. तुंबडी लावणं चाललं होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: वस्तऱ्यानं कातडीला बारीक चिरे देतात, त्यावर गुरांचं पोकळ शिंग ठेवतात, शिंगाच्या टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढून घेतात आणि भोक मेणानं बुजवतात. शिंग अंगाला चिकटतं आणि आतलं रक्त ओढून घेतं. खराब रक्त निघून गेलं की अंगात भरलेला वारा, म्हणजे वात, जातो, असं म्हणतात. तिनं एक शिंग उपसलं, त्यातलं रक्त राखेनं भरलेल्या टोपल्यात ओतलं. टोपलं आधीच ओलं होतं.

हातभट्टी नव्हती. ओवाही नव्हता. आम्ही सहा दिवस गोळी गोळी करून जे भरत होतो ते हे लोक सातव्या दिवशी शिंगं भरभरून काढत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण गेनू घाबरून उठायला गेला आणि उरलेली शिंगं खाली पडली. त्याची आई तान्हाबाई, काटक, उंच, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"कोन तू?"

"दवाखान्यातली."

"आस्सं. म्हंजी तूच माज्या पोराचं रगत काढतीस."

"मी? आणि हे काय चाललंय?"

"ह्ये खराब रगत हाय. तू चांगलं काढलंस." तिनं गेनूचा दंड पुढे केला, सुईची खूण केव्हाच गेली होती तरी तिला बरोबर जागा माहीत होती. "बाटलीत भरलंस. त्याच्याच हातानं तपासलेल्या बाटलीत! सगळा गाव म्हनत हुता, येवड्या बाटल्या करत्यात, त्यात भरत्यात काय? आता कळलं."

मागून आलेली बाई "तर काय!" म्हणाली. कुंपणापाशी आणखी चार डोकी जमली होती.

मी समजावायला गेले की रक्त तपासायला घेतलं, त्याला रक्त कमी आहे, म्हणून लोह देतो. तान्हाबाई हसली. "लोखंड? पोटात? आन वर तुमीच सांगितलं ना, पोटातनं काळं जाईल म्हून? आतनं रगत काळं पडाय लागलंय ह्ये तुमास्नी आदीच ठावं हुतं. म्हून तर मी तुंबडी वाढवली. पयली म्हैन्यातनं एकदा लावायची, आता दर आइतवारी."

मी दिलेली सूचना, तीही सगळ्यात काळजीनं दिलेली, आमच्यावरच उलटली होती. जितक्या आम्ही गोळ्या दिल्या तितकी तिनं शिंगं लावली. दोघी मिळून एका माणसाला वाळवत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की दुसरीच त्याच्या जिवावर उठली आहे.

"तुंबडी कमरेला का?" मी विचारलं. "तक्रार तर पायांची."

"वारं कमरंतनं खाली उतरतं. मला ठावं हाय ह्ये वारं." एवढंच म्हणाली.

गेनू मधेच सदरा खाली ओढत म्हणाला, "आई, बाई चांगल्या हायती."

"तू गप ऱ्हा. तुला सगळंच चांगलं वाटतं."

या एका वाक्यावर मला ती बाई एकदम आवडली. मीही माझ्या भावाला हेच म्हणायची. मी सरळ विचारलं, "तुम्हाला खात्री कशानं पटेल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हाय का तुज्याकडं ती गोळी?"

मी पिशवीतून पुडी काढली.

"खा. माज्याम्होरं."

मी सकाळपासून उपाशी होते. उपाशीपोटी ती गोळी कशी लागते हे मला शंभर कामगारांनी सांगितलं होतं. पण माघार घेतली असती तर गेनूचा निकाल तिथंच लागला असता. गिळली. तान्हाबाईनं तांब्या दिला. मी पाणी प्याले.

"आ कर," ती म्हणाली. मी आ केला. "जीब वर कर."

कुंपणापाशी कुणीतरी खिदळलं. मी घोंगडीवरच्या गेनूकडे पाहिलं, तर त्यानं मान दुसरीकडे वळवलेली. घरी काय काय सांगत होता ते कळलं. मी जीभ वर केली. तान्हाबाईनं वाकून, बोटानं गाल बाजूला करून, मी करायची त्याहून जास्त नीट तपासणी केली.

मग ती आमच्यातला सौदा बोलली. एक महिना तुंबडी बंद. पण सुईही बंद, कसलीच सुई नाही. दर रविवारी ती पोराचे दंड तपासणार. महिन्यानं पाय थांबले नाहीत तर गोळ्या गटारात आणि शिंगं कमरेवर. मी कबूल झाले. तुंबडीवाल्या बाईला भाकरी बांधून दिली गेली. ती जाताना मला म्हणाली, "बाई, माजं काम म्हंजी लावा म्हनलं की लावायचं." तिचंही खरंच होतं. परतीच्या एस.टी.त माझ्या पोटात अशी आग पडली होती की चिंचवड कधी येतं असं झालं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी कपाळाला हात लावून बसले, मग म्हणाले, "पण सुई नाही म्हणजे रक्त तपासायचं कसं?"

"पापणी," मी म्हटलं. "पापणीला त्यांची हरकत नाही."

मग आम्ही महिनाभर पापणीवर कारभार चालवला. लिव्हरची इंजेक्शनं बंद, झोपेच्या गोळ्या बंद. नुसतं लोह, लिंबू-पाणी, आणि गेनूच्या सोमवारच्या डब्यात तान्हाबाईनं स्वतः होऊन घातलेली पालेभाजी. दर सोमवारी मी त्याला विचारायची, "शिंगं?" तो म्हणायचा, "न्हाई." मी सदरा वर करायला लावून कमर पाहायची. तिकडे दर रविवारी त्याची आई दंड पाहत होती. त्या महिन्याभरात अख्ख्या पिंपरीत इतका तपासलेला माणूस दुसरा नसेल.

आधी काहीच फरक दिसेना. कर्णिक रोज दवाखान्यावरून जाताना घड्याळ बघायचे. माझीच मला शंका यायला लागली. डॉक्टर म्हणायचे, लोह हळू भरतं, रिकामी विहीर एका सरीनं भरत नाही. मग एका सकाळी गेनू आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, राती झोपलो."

"किती?"

"ठावं न्हाई. झोपलो हुतो ना."

मी पापणी ओढली. लाल म्हणता येणार नाही, पण गुलाबी होती. मी त्याच्यासमोर हसले नाही. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि एकटीच हसले.

डॉक्टरांनी लिहून दिलं. कर्णिकांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी काळ्या खोलीत गेनूच्या मागे स्वतःची खुर्ची टाकली आणि अंधारात त्याचे पाय बघत बसले. दुपारनंतर म्हणे कर्णिकांनाच पेंग आली. गेनूनं तेवढ्यात बसल्या जागेवरून शेजारच्या ढिगातली एक तडा गेलेली बाटली काढून, मागे वळून त्यांच्या हातात दिली. शिफ्ट संपेपर्यंत तो स्टुलावरून उठला तो एकदाच, पाणी प्यायला. यादीत त्याचं नाव गेलं. तो कायम झाला.

त्या आठवड्यात त्यानं आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणून दिली. माझा पहिला विचार, 'यात काय घातलंय?' मग खाल्ली. चांगली होती.

इथं ही गोष्ट संपवली तर माझ्या नोकरीचं चांगलंच चीज होईल. पण त्यानंतर पावसाळा सरल्यावर एक दिवस दवाखान्याच्या दारात तान्हाबाई उभी राहिली. गेनूनं तिला कारखाना दाखवायला आणलं होतं आणि तो शिफ्टवर गेला होता. मला आधी वाटलं, दंड तपासायला आली. बाकाकडे हात करून म्हटलं, "बसा."

ती बसली. जरा वेळानं उठली. खिडकीशी गेली, परत आली, बसली, पुन्हा उठली. दवाखान्यात न बसणाऱ्या माणसाकडे मी कसं पाहते ते आता तुम्हाला माहीत आहे. मी तिच्या पावलांकडे पाहिलं. बाकावर बसली की तिचे पाय एकमेकांवर घासत होते, थांबतच नव्हते.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "गेनू पोटात हुता तवापासनं."

"इतकी वर्षं? आणि सांगितलं नाही कुणाला?"

"काय सांगायचं? बाईमानसाला बसाया येळ कुटं हुता? शेतात हुबीच. दिस मावळला की पानी, भाकरी, गुरं. निजलं की पाय वढायचं, मंग उठायचं आन कायतरी काम काढायचं. कोंबडा आरवायच्या आदी माजं आंगन झाडून हुयाचं. गावात नाव झालं, तान्हाबाई लई कामाची." ती हसली. "तुंबडी लावली की दोन दिस बरं वाटायचं. म्हून त्याला बी लावली."

मी तिच्याजवळ जाऊन पापणी ओढली. गेनूची होती त्याहून पांढरी. दवाखाना फक्त कामगारांसाठी, हा नियम मीच इतरांच्या तोंडावर फेकायची. मी कपाट उघडून गोळ्या काढल्या.

"मग आताच का आलात?"

"पोरगा कायम झाला ना. म्हनतो, आई, आता शेतात जायाचं न्हाई, कायबी करायचं न्हाई. जोत्यावर बाज टाकून दिली. म्हनतो, जल्मभर राबलीस, आता बस." तिनं एक पाय उचलून दुसऱ्यावर दाबला. "दिसभर बसायचं, बाई. हुबी हुते तवर निभावलं. आता सोसवत न्हाई."

"मी बोलते त्याच्याशी. त्याला तर कळेलच, त्याच्याइतकं कुणाला कळणार?"

तिनं माझा हात धरला. घट्ट धरला.

"नगं. त्याला न्हाई सांगायचं. लई हौसेनं बसवलंय त्यानं मला."